मुलांचा पहिला सर्फबोर्ड : वाचकांचे प्रश्न, आमची उत्तरे

नारळी पौर्णिमा सरते, होड्या पुन्हा पाण्यात उतरतात आणि ऑक्टोबरात समुद्राचे पावसाळी रूप ओसरले की उत्तर गोव्याच्या किनाऱ्यावर सर्फिंगचे वर्ग पुन्हा गजबजू लागतात. या मोसमात सदराकडे आलेल्या पत्रांपैकी चार पत्रे एकाच विषयावरची आहेत : मुलासाठी किंवा मुलीसाठी पहिला सर्फबोर्ड कोणता घ्यावा. ती या अंकात एकत्र घेतली आहेत. पहिल्या पत्राचे उत्तर सविस्तर दिले आहे, कारण त्यातला बराचसा भाग बाकी तिघांनाही लागू पडतो.

प्रश्न : माझी मुलगी ९ वर्षांची असून तिची उंची ४ फूट ३ इंच आणि वजन २६ किलो आहे. ऑक्टोबरपासून दर रविवारी ती आश्वेच्या किनाऱ्यावर सर्फिंग शिकते. वर्गातल्या मोठ्या, मऊ बोर्डवर फेसाळ लाटेत ती आता उभी राहू लागली आहे आणि तिला स्वतःचा बोर्ड हवा आहे. तिच्या आजोबांचे म्हणणे असे की एकदाच ९ फुटी बोर्ड घ्यावा, म्हणजे ती मोठी झाल्यावरही तोच चालेल. एका विक्रेत्याने मात्र ५ फूट २ इंचांचा फायबरग्लासचा बोर्ड 'खास मुलांचा' म्हणून दाखवला. ऑलिंपिकमध्ये तसेच बोर्ड पाहिल्यामुळे मुलीचे मन त्यावर जडले आहे. आम्ही कोणाचे ऐकावे?
— एक आई, पेडणे

उत्तर : दोन्ही सूचना बाजूला ठेवाव्यात. तुमच्या मुलीसाठी सुमारे ६ फूट लांब, २० ते २१ इंच रुंद, पावणेतीन इंचांच्या आसपास जाड आणि ४० लिटरच्या जवळपास घनफळ असलेला, वरून मऊ फोमचा बोर्ड घ्यावा, असे माझे स्पष्ट मत आहे. ते कशावरून बनले हे नीट सांगतो, म्हणजे दुकानात उभे असताना तुम्हाला स्वतःलाच निर्णय घेता येईल.

बोर्डवर लांबी फुटांत, रुंदी आणि जाडी इंचांत लिहिलेली असते. या तिन्हींच्या शेवटी बहुतेकदा एक आकडा लिटरमध्ये दिलेला असतो आणि पालकांनी सर्वांत आधी तोच पाहावा. शाळेत शिकलेले आर्किमिडीजचे तत्त्व इथे जसेच्या तसे कामाला येते. एक लिटर गोडे पाणी एक किलो भरते; समुद्राचे पाणी खारट असल्यामुळे किंचित जड, म्हणजे लिटरमागे सुमारे १.०२५ किलो. ४० लिटरचा बोर्ड पूर्ण बुडाला तर तो साधारण ४१ किलो वजन तोलून धरतो. तुमची मुलगी २६ किलोची आणि असा मऊ बोर्ड साधारण ४ किलोचा, असे मिळून ३० किलो होतात. म्हणजे ती त्यावर उभी राहिली तरी बोर्डचा जवळजवळ पाव भाग पाण्याच्या वर राहतो, आणि नवशिक्या मुलीला डगमगत, गुडघे वाकवून, हात पसरून तोल शोधण्यासाठी एवढा उरलेला आधार हवाच असतो.

आता विक्रेत्याने दाखवलेला बोर्ड पाहा. ५ फूट २ इंच लांब, १८ इंच रुंद आणि सव्वादोन इंचांहून कमी जाडीच्या अशा बोर्डचे घनफळ २२ लिटरच्या आसपास भरते. तो पूर्ण बुडाल्यावरही साडेबावीस किलोच तोलतो आणि मुलीचे व बोर्डचे वजन मिळून अठ्ठावीस किलोंच्या वर जाते. स्थिर पाण्यात ती त्यावर उभी राहिली तर बोर्ड तिच्यासकट पाण्याखाली जाईल. मग मोठे खेळाडू तेवढ्याच बोर्डवर कसे उभे राहतात, हा मुलीचा प्रश्न रास्त आहे आणि तिला त्याचे खरे उत्तर द्यायला हवे. बोर्डला पुरेसा वेग मिळाला की तो पाण्यात तरंगण्याऐवजी पाण्यावरून घसरू लागतो, आणि मग घनफळाची गरज पुष्कळ कमी होते. तो वेग येतो दोन ठिकाणांहून : वल्हवणाऱ्या हातांतून आणि लाटेतून. सर्फिंगचा ऑलिंपिकमध्ये पहिल्यांदा समावेश झाला तो टोकियोच्या, २०२१ साली पार पडलेल्या स्पर्धेत. २०२४ च्या पॅरिस ऑलिंपिकमधले सर्फिंग ताहिती बेटावरच्या तेआहुपो येथे झाले. तेआहुपोची लाट खोल समुद्रातून येऊन उथळ प्रवाळावर एकदम उभी होते आणि भिंतीसारखी कोसळते. आश्वेचा किनारा वाळूचा आणि मंद उताराचा आहे. तिथली लाट लांबूनच फुटून फेस होत होत आत येते. ही लाट शिकणाऱ्या मुलांसाठी फार चांगली आहे, पण ती ढकलते हळू. हळू ढकलणाऱ्या लाटेवर छोटा बोर्ड मागेच राहतो. लाट खालून निघून जाते आणि मूल हात मारत तिथेच उरते.

हे मी पुस्तकी माहितीवरून लिहीत नाही. माझ्या धाकट्या मुलाला पहिला बोर्ड घेताना मी हीच चूक केली होती. देखणा, हलका, फायबरग्लासचा बोर्ड होता आणि विकणाऱ्याने तो मुलांसाठीच असल्याचे सांगितले होते. वर्गातल्या मऊ बोर्डवर एका सकाळी दहा-बारा वेळा उभा राहणारा मुलगा त्या बोर्डवर महिनाभर एकदाही नीट उभा राहिला नाही. तो रडला नाही, तक्रारही केली नाही. फक्त रविवारी सकाळी त्याचे पोट दुखू लागले. कारण समजायला मला फार वेळ लागला, आणि पुन्हा पाण्यात जायची ओढ त्याच्यात निर्माण व्हायला त्याहून जास्त. म्हणून मी आग्रहाने सांगतो की पहिल्या बोर्डची परीक्षा एकच : त्यावर मूल एका सकाळी किती वेळा उभे राहते. शरीर तोल शिकते ते उभे राहून, आणि जो बोर्ड उभे राहूच देत नाही त्यावर कितीही महिने घालवले तरी शिकणे होत नाही.

आजोबांच्या म्हणण्यात मात्र निम्मे तथ्य आहे. मोठा बोर्ड अधिक तरंगतो, अधिक स्थिर असतो आणि लाट लवकर पकडतो, हे खरेच. पण ९ फुटी बोर्ड साधारण २३ इंच रुंद आणि सात-आठ किलो किंवा त्याहूनही वजनदार असतो. तुमच्या मुलीच्या वजनाचा हा जवळजवळ तिसरा हिस्सा झाला. तिचा हात त्या रुंदीला वेढा घालून खालची कड पकडू शकणार नाही, त्यामुळे वाळूवरून पाण्यापर्यंत बोर्ड नेण्यासाठी तिला दर वेळी मोठे माणूस लागेल. पोटावर झोपून वल्हवताना तिचे खांदे बोर्डच्या कडांपर्यंत पोहोचणार नाहीत, म्हणजे पाण्यात तळहात जातील, पण कोपरापर्यंतचा हात जाणार नाही, आणि हातातले बळ वाया जाईल. समोरून लाट आल्यावर एवढा बोर्ड तिच्या हातून निसटेल आणि मागे उभ्या असलेल्या दुसऱ्या मुलाच्या अंगावर जाईल, ही भीती मला सर्वांत मोठी वाटते.

आजोबांना कदाचित पुढचा मुद्दा पटेल. आपल्याकडे मुलांना वाढत्या अंगाचे कपडे घेतात आणि त्यात चूक काही नाही. पण सर्फबोर्ड हा वाढत्या अंगाचा घ्यावा लागतच नाही, तो आपोआप तसा होतो. आज २६ किलोच्या मुलीला ४० लिटर म्हणजे वजनाच्या दीडपट आधार आहे. दोन-तीन वर्षांनी ती ३५ किलोची होईल तेव्हा हाच आधार सव्वापटीहून थोडा कमी राहील, पण तोवर तिचे कौशल्यही वाढलेले असेल, आणि कौशल्य वाढले की कमी आधाराचा बोर्डच हवासा वाटू लागतो, कारण तो वळवता येतो. म्हणजे आज स्थिर वाटणारा तोच ६ फुटी बोर्ड तीन वर्षांनी चपळ वाटेल. मूल जड होत जाते आणि बोर्ड त्याच्यासाठी आपोआप लहान होत जातो. सुरुवात योग्य आकड्यापासून केली तर हा एकच बोर्ड तिला पुष्कळ काळ पुरेल.

बोर्ड मऊच का, याबद्दल मी कोणतीही तडजोड सुचवणार नाही. सर्फिंगमध्ये होणाऱ्या दुखापतींत स्वतःच्याच बोर्डचा किंवा त्याच्या फिनचा, म्हणजे बोर्डच्या खाली मागच्या बाजूला असलेल्या परासारख्या पात्याचा, मार बसण्याचे प्रमाण मोठे आहे. पायाला बोर्ड बांधून ठेवणारी दोरी, म्हणजे लीश, १९७० च्या दशकाच्या सुरुवातीला कॅलिफोर्नियात वापरात आली. वेटसूटच्या, म्हणजे पाण्यात अंग उबदार ठेवणाऱ्या रबरी पोशाखाच्या, व्यवसायामुळे जगभर नाव झालेल्या जॅक ओनील यांच्या मुलाने ती तयार केली होती. सुरुवातीची ती दोरी रबरासारखी ताणली जाई, आणि अशाच एका दोरीने झटक्यात परत खेचलेला बोर्ड लागून जॅक ओनील यांचा डावा डोळा गेला. आजची लीश तशी ताणत नाही, तरीही पडल्यानंतर दोन्ही हात डोक्यावर आणि चेहऱ्यावर धरूनच पाण्यातून वर यायचे, हा नियम मुलीच्या अंगवळणी पडेपर्यंत तिला रोज सांगावा. मऊ बोर्ड लागला तर मूल कळवळेल. टणक बोर्डच्या टोकाने किंवा धारदार फिनने काय होऊ शकते ते इथे लिहिण्याची गरज नाही.

मऊ बोर्डच्या आत हलक्या, फुगवलेल्या पॉलिस्टायरीनचा गाभा असतो, वर मऊ फोमचा थर आणि खाली गुळगुळीत प्लास्टिकचा पत्रा असतो. चांगल्या बोर्डमध्ये गाभ्यातून लांबीच्या दिशेने लाकडाच्या एक, दोन किंवा तीन पट्ट्या घातलेल्या असतात. त्या आहेत की नाहीत हे विक्रेत्याला थेट विचारावे. पट्टी नसलेला लांब बोर्ड मध्यभागी लवचिक होतो आणि एखाद्या जोरदार लाटेत वाळूवर आदळला की तिथेच मोडतो. फिन तीन असाव्यात आणि रबरासारख्या वाकणाऱ्या असाव्यात. तीन फिनांची ही रचना सायमन अँडरसन या ऑस्ट्रेलियन सर्फरने १९८० च्या सुमारास रूढ केली आणि आज ती जगभरच्या बोर्डांवर दिसते. मऊ बोर्डच्या फिना बहुधा आरपार स्क्रूने बसवलेल्या असतात. ते स्क्रू दर महिन्याला हाताने तपासून घट्ट करावेत.

लीश बोर्डच्या लांबीएवढी, म्हणजे तुमच्या बाबतीत ६ फुटांची घ्यावी. फार आखूड लीशने बोर्ड अंगावर परत येतो, फार लांब लीश पायात अडकते. ती मागच्या पायाच्या घोट्याला बांधतात. मागचा पाय कोणता हे मुलगी एव्हाना जाणत असेल. डावा पाय पुढे असो की उजवा, दोन्ही पद्धती बरोबर आहेत आणि तिला सवय झालेली बाजू मोठ्यांनी बदलायला लावू नये.

पैसे देण्यापूर्वी एक गोष्ट अवश्य करावी. वर्गातल्या शिक्षकांकडे ६, ७ आणि ८ फुटी बोर्ड बहुधा असतात; लाटा नसलेल्या वेळी मुलीला त्यांवर आळीपाळीने कंबरभर पाण्यात पालथी झोपवावे. बोर्डचे टोक पाण्याच्या दोनेक इंच वर राहिले, शेपूट पाण्यात खचली नाही आणि तिचा हात दोन्ही बाजूंनी कोपरापर्यंत सहज बुडाला, तर माप जुळले. मग तोच बोर्ड तिला एकटीला उचलून वाळूवरून न थांबता पन्नास पावले नेऊ द्यावा. नेता आला, तर घ्यावा. माझ्या आकड्यांपेक्षा या दोन चाचण्यांवर अधिक विश्वास ठेवा.

आपल्या हवेत मऊ बोर्डचा खरा शत्रू ऊन आहे. दुपारी बंद मोटारीत किंवा टपावर ठेवलेल्या बोर्डमधली हवा प्रसरण पावते, थरांमधला गोंद सुटतो आणि वरच्या थराला फुगे येतात. किनाऱ्यावर बोर्ड सावलीत, शक्यतो खालची बाजू वर करून ठेवावा. घरी आल्यावर गोड्या पाण्याने धुवावा आणि उभा न टेकवता आडवा ठेवावा.

शेवटी, तुमच्या पत्रात मुलीला पोहता येते की नाही याचा उल्लेख नाही. लीश तुटू शकते, आणि त्या क्षणी बोर्ड नसल्यासारखाच असतो. बोर्डशिवाय, पाय टेकत नसलेल्या पाण्यात घाबरून न जाता काही मिनिटे तरंगणे आणि निदान शंभर मीटर पोहणे तिला जमत नसेल, तर बोर्डचे पैसे आधी पोहण्याच्या शिकवणीवर खर्च करावेत. जीवरक्षक हजर असलेल्या वेळेतच पाण्यात उतरावे आणि जून ते सप्टेंबर बोर्ड घरातच राहू द्यावा.

प्रश्न : आम्ही पुण्यात राहतो. दिवाळीत आणि मे महिन्यात असे वर्षातून दोनदा गोव्याला जातो आणि दोन्ही वेळा ११ वर्षांचा मुलगा तीन-चार दिवस सर्फिंग करतो. त्याचा आत्तेभाऊ सॅन डिएगोला असतो. त्याने आपला जुना ६ फूट २ इंचांचा टणक बोर्ड देऊ केला आहे. विमानातून आणावा का?
— एक वडील, पुणे

उत्तर : आणू नये. वर्षातून सात-आठ दिवस वापरण्यासाठी बोर्ड बाळगण्यात अर्थ नाही. भाड्याचा मऊ बोर्ड दर वेळी मुलाच्या त्या वर्षीच्या मापाचा मिळतो, हा त्याचा मोठाच फायदा आहे. त्याला वस्तू हवीच असेल तर चांगली लीश आणि उन्हापासून जपणारा पूर्ण बाह्यांचा सदरा घ्यावा; दोन्ही बॅगेत मावतात.

पुढे कधी कोणाकडून वापरलेला बोर्ड घ्यायची वेळ आली, तर तो हातात घेऊन आधी वजन पाहावे. त्याच मापाच्या नव्या बोर्डपेक्षा तो लक्षणीय जड लागला, तर गाभ्यात पाणी शिरले आहे असे समजावे आणि परत द्यावा. अंगठ्याने वरचा थर ठिकठिकाणी दाबून पाहावा, फुगा किंवा पोकळ जागा लागता कामा नये. बोर्डवर मध्यभागी आडवी सुरकुती दिसली तर तो आतून मोडलेला आहे.

प्रश्न : आमचे घर देवगड तालुक्यात आहे आणि घरी मासेमारी चालते. माझा १२ वर्षांचा मुलगा आणि त्याचे मित्र होडीच्या जुन्या फळीवर पोट टेकवून लाटांवरून किनाऱ्यापर्यंत येतात. बोर्ड विकत घेणे सध्या शक्य नाही. सुतारकाम मला येते. लाकडाचा बोर्ड करून दिला तर चालेल का? की ते धोक्याचे ठरेल?
— एक वाचक, देवगड

उत्तर : तुमचे पत्र वाचून मला मनापासून आनंद झाला. तुमचा मुलगा जे करतो आहे तेच सर्फिंगचे सर्वांत जुने रूप आहे. हवाई बेटांवरची मुले शतकानुशतके आखूड लाकडी फळीवर पोट टेकवून लाटा घेत आली. त्या फळीला तिथे पायपो म्हणतात. इंग्लंडच्या कॉर्नवॉल किनाऱ्यावरही विसाव्या शतकात लोक प्लायवुडच्या पातळ फळ्यांवर असेच लाटा घेत, आणि अजूनही घेतात. फोम आणि फायबरग्लास नंतर आले.

तेव्हा जरूर करा, पण उभे राहण्यासाठी नव्हे, पालथे झोपण्यासाठी करा. उभे राहता येईल असा तरंगणारा बोर्ड भरीव लाकडातून केला तर तो मुलाला उचलवणार नाही आणि लाटेत सुटला तर इतरांना गंभीर इजा करील. पोटाखालच्या फळीसाठी १० ते १२ मिलिमीटर जाडीचा मरीन प्लाय घ्यावा. साधा प्लाय एका मोसमात थरांतून सुटतो. लांबी सुमारे ४ फूट, रुंदी १२ ते १४ इंच पुरे. पुढचे टोक अर्धगोल कापावे. टोक वर वळवता आले तर उत्तम, कारण सपाट टोक लाटेच्या पायथ्याशी पाण्यात खुपसते आणि फळीची मागची कड पोटात घुसते. वळवण्यासाठी तेवढा भाग पातळ करून, वाफेने नरम करून साच्यावर आवळून ठेवावा लागतो. होडीच्या फळ्या वाकवणारे तुमच्या आसपास असतील, तर हे काम तुम्हाला मी शिकवण्याची गरज नाही.

कडा मात्र सर्वांत जास्त वेळ देऊन घासाव्यात. अंगठा फिरवल्यावर कुठेही धार लागू नये, विशेषतः मागची कड पूर्ण गोल असावी, कारण ती मुलाच्या पोटाशी असते. प्लायच्या कापलेल्या कडांतून पाणी शिरते, म्हणून तिथे इपॉक्सीचे किंवा होडीला लावता त्या वॉर्निशचे तीन-चार हात द्यावेत. खिळे, स्क्रू, फिन यांतले काहीही लावू नये. सध्या मुले वापरतात त्या जुन्या फळीत गंजके खिळे नाहीत ना, हे मात्र हे उत्तर वाचल्याबरोबर पाहावे.

अशी पातळ फळी मुलाला खोल पाण्यात तरंगवत ठेवत नाही, हे त्याला समजावून सांगावे. कंबरभर पाण्यात उभे राहायचे, लाट पाठीशी आली की तळाला पाय रेटून तिच्यासोबत झेप घ्यायची आणि हात लांब करून फळी समोर धरायची. पाय टेकतात तिथेच हा खेळ खेळायचा. समुद्राची जाण तुमच्या घरात माझ्यापेक्षा जास्त आहे, त्यामुळे ओहोटीला कुठे ओढ लागते आणि कुठे वाळूत खड्डे पडतात हे तुम्हीच त्याला दाखवावे. १ जून ते ३१ जुलै या मासेमारी बंदीच्या काळात तुमची होडी किनाऱ्यावर असते. फळी त्यानंतरही, समुद्र पुरता निवळेपर्यंत होडीसोबतच असावी.

उभे राहायचा सराव करायचा असेल तर तो वाळूवर करता येतो. वाळूत बोर्डएवढी आकृती आखून, पालथे झोपून, दोन्ही तळहात छातीशी टेकवून एका झेपेत उभे राहायचे. रोज वीस वेळा केले तर ज्या दिवशी कोणी त्याला खरा मऊ बोर्ड देईल त्या दिवशी तो इतर मुलांच्या पुढे असेल, कारण लाट ओळखायला तो आधीच शिकला आहे, आणि ते शिकायला शहरातल्या मुलांना सर्वांत जास्त वेळ लागतो.

प्रश्न : आम्ही दोन वर्षांपूर्वी नाशिकहून सिडनीला आलो आणि डी वाय भागात राहतो. मुलगा ६ वर्षांचा आहे, उंची ३ फूट १० इंच. या वर्षी तो जीवरक्षक मंडळाच्या 'निपर्स' वर्गात जाऊ लागला आणि तिथली मुले पाहून त्याला सर्फबोर्ड हवा आहे. आम्हा दोघांना समुद्राची सवय नाही. इतक्या लहान वयात बोर्ड द्यावा का?
— एक आई-वडील, सिडनी

उत्तर : या वर्षी सर्फबोर्ड देऊ नका, बॉडीबोर्ड द्या, म्हणजे पालथे झोपून लाट घ्यायचा फोमचा आखूड बोर्ड. निपर्समध्ये मोठ्या मुलांकडे दिसणारा बोर्ड गुडघ्यांवर बसून किंवा पालथे झोपून वल्हवत शर्यत करण्यासाठी असतो. लाटेवर उभे राहण्याच्या बोर्डपेक्षा तो वेगळा. तो पाहून दुकानात जाऊ नये.

बॉडीबोर्ड हा अमेरिकन सर्फर टॉम मोरी यांनी १९७१ साली हवाईत फोमचा तुकडा कापून तयार केला. लहान मुलासाठी त्याहून चांगली सुरुवात मला माहीत नाही. त्यावर तोल सांभाळावा लागत नाही, म्हणून मुलाचे सगळे लक्ष लाटेकडे राहते : कोणती लाट आपल्याला नेईल, कोणती आधीच फुटेल, कधी पाय रेटायचा. टणक फिन नसते, म्हणून इजा कमी होते. तुमच्यासाठी आणखी एक कारण महत्त्वाचे आहे. जीवरक्षकांनी लावलेल्या लाल-पिवळ्या झेंड्यांच्या मधल्या, त्यांच्या नजरेखालच्या पाण्यात बॉडीबोर्ड चालतो. सर्फबोर्डला मात्र त्या पट्ट्याच्या बाहेर जावे लागते. ज्या आईवडिलांना समुद्राची सवय नाही त्यांनी मुलाला झेंड्यांबाहेर नेऊ नये.

मुलासमोर बॉडीबोर्ड उभा धरला असता तो त्याच्या बेंबीपर्यंत यावा.  दोरी दंडाला किंवा मनगटाला बांधतात. पाणी त्याच्या कमरेच्या वर जाऊ देऊ नका, आणि तुमच्यापैकी एकाने हात पोहोचेल इतक्या अंतरावर पाण्यातच उभे राहावे. वाळूवरून पाहणे पुरेसे नाही. सिडनीचे पाणी उन्हाळ्याच्या अखेरीस २३ अंशांपर्यंत जाते, पण हिवाळ्यात १८ अंशांच्या आसपास उतरते. लहान अंग फार लवकर गारठते आणि ओठ निळे झाले तरी मूल बाहेर येत नाही. म्हणून बोर्डवर वाचलेले पैसे चांगल्या मापाच्या वेटसूटवर खर्च करा.

तो सात-आठ वर्षांचा होईल, बॉडीबोर्डवर स्वतः लाट निवडून किनाऱ्यापर्यंत येऊ लागेल आणि लाटेखाली गेल्यावर घाबरून न जाता वर येईल, तेव्हा साडेपाच फुटांचा मऊ सर्फबोर्ड घ्या, आणि तोवर तुम्ही दोघेही पोहण्याचे व समुद्राचे धडे घ्या. प्रौढांसाठीचे असे वर्ग तिथे सहज मिळतात.

तुमच्या घरापासून दक्षिणेला थोड्याच अंतरावर फ्रेशवॉटरचा किनारा आहे. हवाईचे जलतरणपटू ड्यूक कहानामोकू यांनी १९१४-१५ च्या उन्हाळ्यात तिथे पाइनच्या लाकडाचा बोर्ड स्वतः घडवून सर्फिंगचे प्रात्यक्षिक केले होते आणि इझाबेल लेथम नावाच्या पंधरा वर्षांच्या स्थानिक मुलीला त्याच बोर्डवर आपल्यापुढे घेऊन लाट घेतली होती. तो बोर्ड तिथल्या जीवरक्षक मंडळाने जपून ठेवला आहे. एखाद्या रविवारी मुलाला तो दाखवायला न्या आणि परतताना बॉडीबोर्ड घेऊन या.